डोंगर उजव्या हाताला

निघायच्या दिवशी सकाळी आप्पा आणि मी शेवटचं पळायला गेलो. आमचं गाव साताऱ्याजवळ, आणि गावामागे मारुतीची टेकडी. माझे वडील, आप्पा, शाळेत पी.टी.चे सर. मला नीट चालता यायला लागलं तेव्हापासून त्यांनी मला त्या टेकडीभोवती पळवलं. नियम दोनच. डोंगर कायम उजव्या हाताला ठेवायचा, म्हणजे पळणंही होतं आणि मारुतीला प्रदक्षिणाही. आणि अर्ध्यातून माघारी फिरायचं नाही. पाय मुरगळला, पोटात दुखलं, कुत्रं मागे लागलं, काहीही झालं तरी चालत का होईना, फेरी पुरी करायची. "सुरू केलंस ना? मग संपव," एवढंच म्हणायचे.

त्या सकाळी टेकडीच्या मागच्या बाजूला, गाव दिसेनासं होतं त्या वळणावर, आप्पाच थांबले. घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "पुरे आता. चल माघारी. गाडी चुकेल." मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

गाडीला खरं तर भरपूर वेळ होता. घरी आलो तर मिलिंद, माझा नवरा, अजून दाढीच करत होता, आणि रेवा, आमची पाच वर्षांची लेक, आजीच्या मांडीवर बसून तोंडाचा पट्टा चालवत होती. विमानाची खिडकी उघडते का, जपानमध्ये चिंचा मिळतात का, तिथल्या कावळ्यांना मराठी कळतं का. तिच्या वेणीला रिबीन बांधता बांधता माझी आई म्हणाली, "या पोरीच्या तोंडाला जरा विश्रांती द्या रे कुणीतरी." आम्ही सगळे हसलो. ते वाक्य पुढे मला किती छळणार आहे, याची कल्पना नव्हती.

मी मुळातच काळजी करणारी. मिलिंद मला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा, आणि त्या वर्षांत दिल्लीत सरकारं अशी पडत होती की त्याचा विनोद कधी शिळाच झाला नाही. मुंबईच्या विमानतळापर्यंत मी गप्प होते. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून. माहेर सुटतच होतं, पण माझ्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं: फेरी अर्धी राहिली.

जपान म्हटलं की तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे टोकियो येतं. आमच्याही तेच होतं. पण पुण्याच्या कंपनीने मिलिंदला जपानी शिकवून पाठवलं ते नागानोच्या डोंगरातल्या एका कारखान्यात, तिथल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायला. कारखाना खाली दरीत, आणि आम्हाला मिळालेलं घर वर, उतारावरच्या गावात. पायऱ्यांसारखी भातखाचरं, त्यांच्या वर सफरचंदांच्या बागा, आणि त्यांच्याही वर उंच सरळसोट झाडांचं काळोखं रान. गावाच्या मधोमध एक टेकडी, आणि तिच्या माथ्यावर दगडी कमानीचं देऊळ. गाडीतून उतरल्या उतरल्या मला ती टेकडी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मिलिंदला म्हटलं, "हिला प्रदक्षिणा घालता येईल." तो म्हणाला, "आधी हीटर कसा लावायचा ते बघूया."

आज टोकियोतल्या निशी-कसाईत नव्याने येणाऱ्या मुलींना स्टेशनाजवळ पोहे मिळतात, कढीपत्ता मिळतो, आणि गोमी म्हणजे कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा हे सांगायला शेजारीण मिळते. मला त्यांचा हेवा वाटतो आणि आनंदही होतो. आमच्या त्या गावात मराठी सोडाच, हिंदी बोलणारंही कुणी नव्हतं. मिलिंद सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर मी, रेवा, आणि शेजारच्या हिरानो-सान. त्या सत्तरी ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या, कायम डोक्याला रुमाल. मला काही समजत नाही हे ठाऊक असून त्या माझ्याशी भरभरून बोलायच्या आणि शेवटी माझ्या हातात एखादा मुळा ठेवायच्या.

आणि इकडे रेवाचं बोलणं बंद होत चाललं होतं.

हे एका दिवसात झालं नाही, म्हणून तर कळलंही उशिरा. एप्रिलमध्ये ती शाळेत जायला लागली. डोक्यावर पिवळी टोपी, पाठीवर तिच्यापेक्षा मोठं दप्तर, दप्तराला अस्वलाची घंटा. वाटेत अस्वल असलंच तर त्याला आवाज ऐकू जावा आणि त्याने दूर निघून जावं, म्हणून तिथली सगळी मुलं ती घंटा बांधतात. सुरुवातीला घरी येऊन ती शाळेतलं सांगायची. मग विचारलं तर सांगायची. मग हो-नाही. पावसाळा संपता संपता मान हलवण्यावर आली. शाळेत तर तिने पहिल्या दिवसापासून तोंड उघडलं नव्हतं. तिच्या बाई, मोरी-सेन्सेई, मिलिंदला म्हणाल्या की वाट बघूया, मुलांचं असं होतं. मिलिंदलाही ते पटलं. मला नाही पटलं. जिच्या बडबडीने घर डोक्यावर घेतलेलं असायचं, ती पोर जेवणाच्या ताटासमोर बसून नुसती माझ्याकडे बघायची. आपण हिला इथे आणून काय करून ठेवलं?

मग मी पळायला लागले. घरात बसले असते तर वेड लागलं असतं.

माझ्या पळायच्या वाटा तीन होत्या, आणि प्रत्येक वाटेची भीती वेगळी होती. खालची वाट नदीकाठाने खाचरांमधून जायची. तिथे लोक कामाला असायचे, कमरेत वाकून नमस्कार करायचे, काहीतरी विचारायचे, आणि मला उत्तर देता यायचं नाही. मधली वाट सफरचंदांच्या बागांतून. तिथे कुणी नसायचं, पण बागेच्या टोकावरून रेवाच्या शाळेचं मैदान दिसायचं. मधल्या सुट्टीत सगळी पोरं धावत असायची आणि एक पिवळी टोपी भिंतीला टेकून उभी असायची. ती वाट मी लवकरच सोडली. उरली वरची वाट, टेकडीभोवतीची. शाळेच्या कुंपणालगत वर चढायचं, टेकडीच्या मागच्या बाजूला रानात शिरायचं, आणि पलीकडे हिरानो-सानच्या काकीच्या झाडापाशी बाहेर पडायचं. काकी म्हणजे नारिंगी रंगाचं, टोमॅटोसारखं दिसणारं गोड फळ. रानात भरदुपारी संध्याकाळ व्हायची. तिथली भीती सरळ होती, जनावराची. ती मला परवडायची.

फोनवर आईला रेवाचं सांगितलं तर ती आधी स्वतःच्याच जिभेला शिव्या द्यायला लागली. आपलंच वाक्य तिला आठवलं असणार. मग म्हणाली, "नवस बोल."

"इथे कुठल्या देवाला बोलू?"

"आहे की नाही एखादं देऊळ?"

"आहे गं, पण तो जपानी देव. त्याला मराठी कळायला नको का?"

"न कळायला काय झालं?" आई म्हणाली. "तुझ्या पोरीला जपानी कळत नाही म्हणून तो रुसलाय का? तू बोल तर."

दुसऱ्या दिवशी टेकडीची पायऱ्यांची वाट चढून वर गेले. गावातले लोक करायचे तशा दोन टाळ्या वाजवल्या, कारण यजमानाची पद्धत पाळावी, आणि मग हात जोडून आपल्या मराठीत सांगितलं: माझ्या रेवाला बोलतं कर. बर्फ पडेपर्यंत रोज तुला प्रदक्षिणा घालीन, आणि एकही फेरी अर्ध्यातून सोडणार नाही. शेवटचं वाक्य का घातलं ते तुम्हाला कळलं असेल. साताऱ्याजवळची ती अर्धी फेरी माझ्या मानगुटीवर बसली होती. अर्धं सोडून आलो, म्हणून पोरीची वाचा अर्ध्यात अडकली, असंच मी धरून चालले होते. मिलिंदला यातलं अक्षर सांगितलं नाही. त्याने मला शांतपणे, मुद्देसूद समजावलं असतं, आणि ते मला तेव्हा सहन झालं नसतं.

रोज दुपारी शाळा सुटायच्या बेताने निघायचे. वर्गात रेवाची जागा खिडकीशी होती. मी कुंपणावरून जाताना ती काचेतून बघायची. हात हलवायची नाही, हसायची नाही, नुसती बघायची. मी टेकडीला वळसा घालून पलीकडून उतरायचे तोवर शाळा सुटलेली असायची, आणि ती फाटकाशी उभी असायची, बरोबर मी जिथून येणार त्या बाजूला तोंड करून. मग आम्ही न बोलता घरी जायचो. मी बोलायचे खरं तर, अखंड बोलायचे. आज कुठून गेले, कुठे निघाले, माघारी का फिरायचं नाही, सगळं तिला सांगायचे, तिच्या वाटचंही मीच बोलून टाकायचे.

त्या वर्षी काकी उदंड लागली होती. रानात अस्वलांना खायला काही उरलं नसावं, कारण ती फळांच्या वासाने खाली यायला लागली, आणि गावात सगळ्यांनी झाडं लवकर उतरवून घ्यावीत असं ठरलं. हिरानो-सान मला रोज आकाशाकडे, झाडाकडे, रानाकडे हात करून काहीतरी बजावायच्या. मी मान डोलवायचे. अस्वलाबद्दल आहे एवढं कळायचं, पण एकदा देवाला शब्द दिल्यावर त्या बजावण्याचा काय उपयोग होता?

गावात खांबाखांबावर भोंगे होते. रोज संध्याकाळी त्यांवर एक गाणं वाजायचं, मुलांनी घरी जावं म्हणून. त्या दिवशी भोंगा दुपारीच वाजला. मी शाळा ओलांडली होती, खिडकीत रेवा दिसली होती, आणि मी चढ चढून रानाच्या तोंडाशी पोचले होते. गाणं नव्हतं, माणसाचा आवाज होता, घाईचा. त्यातले मला दोनच शब्द कळले. कुमा, म्हणजे अस्वल. आणि गाक्को, म्हणजे शाळा. तेच तेच पुन्हा सांगत होते. कुमा, गाक्को, कुमा.

आज सांगताना मलाच नवल वाटतं. कुणीही शहाणं माणूस तिथून माघारी पळालं असतं. शाळा मागे होती, जवळ होती. आणि मी पुढे पाय टाकू की मागे, असा विचार करत उभी राहिले. पुढे रान होतं, पण फेरी पुरी होणार होती. मागे फिरले तर नवस मोडला. एक अर्धी फेरी सोडली त्याचं हे असं झालं, आता दुसरी सोडली तर काय होईल? मग माझ्या डोळ्यांपुढे ती भिंतीला टेकलेली पिवळी टोपी आली, आणि मी वळले. देवाला काय ते नंतर सांगता येईल असं पुटपुटत उतारावरून सुटले. डोंगर डाव्या हाताला होता. तो तसा कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे ओळखीची वाटही परकी वाटत होती.

शाळेचं फाटक बंद, दारं बंद. मी दारावर दोन्ही हात आपटले. मोरी-सेन्सेईंनी दार उघडलं, मला बघून तोंडावर हात ठेवला आणि आत कुणाला तरी ओरडून सांगितलं. त्यांच्यामागून रेवा आली. चेहरा पांढराफटक. माझ्यापुढे उभी राहिली, मुठी आवळल्या, आणि म्हणाली,

"नान्दे मोदोत्ता नो?"

मला एक शब्द कळला नाही. मला फक्त आवाज ऐकू आला. इतक्या दिवसांत तो थोडा जाडसर झाला होता. मी तिथेच पायरीवर बसले आणि ती माझ्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडायला लागली. रडण्यालाही आवाज होता.

काय घडलं ते मिलिंद कारखान्यातून धावत आल्यावर कळलं. मोरी-सेन्सेईंनी त्याला सांगितलं आणि त्याने मला. भोंगा वाजला तशा बाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि मुलं मोजली. सगळी आत, सुरक्षित. भोंगाही तेच सांगत होता, की मुलांना शाळेतच ठेवलंय. तेवढ्यात रेवा जागेवरून उठली आणि स्वच्छ जपानीत म्हणाली, "माझी आई रानात आहे." बाईंनी विचारलं, कुठे? तर तिने सगळी वाट सांगितली. डोंगर उजव्या हाताला ठेवते, मागून जाते, हिरानो-सानच्या काकीपाशी निघते. बाई म्हणाल्या, भोंगा ऐकून परत येईल की. रेवा म्हणाली, "नाही. माझी आई माघारी फिरत नाही."

आणि तिच्या या शब्दावर विसंबून हिरानो-सानचा मुलगा आणि गावातले आणखी काही जण छोटा ट्रक घेऊन टेकडीच्या पलीकडच्या तोंडाशी गेले. हॉर्न वाजवत माझी वाट बघत राहिले. मी बाहेर येईना, म्हणून शेवटी काठ्या आणि डबे घेऊन रानात शिरले. माझं नाव कुणालाच येत नव्हतं. "रेवा-चानच्या आई, रेवा-चानच्या आई" अशा हाका मारत ते मला शोधत होते, आणि मी शाळेच्या पायरीवर बसले होते. अस्वल त्याच बाजूच्या बागेत दिसलं होतं. ते आपणहून वर निघून गेलं आणि कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही, पण ती माणसं चिखलाने माखून परत आली तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी वाकून माफी मागितली, तर तीच माझ्यापुढे वाकली, बरं झालं म्हणाली. हिरानो-सान मात्र मला खूप रागावल्या. सगळं कळलं, एक शब्द न समजता. मग माझ्या कमरेला त्यांनी स्वतःच्या हाताने एक ठणठण वाजणारी घंटा बांधली.

रात्री जेवताना मी मिलिंदला म्हटलं, "ती मला काय म्हणाली गं दारात?" घाईत त्यालाच 'गं' म्हणून गेले.

त्याने रेवाला विचारलं. ती ताटाकडे बघत पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, "का परत आलीस, असं विचारत होती."

रविवारी घरी फोन लावला. आईला सांगितलं, रेवा बोलली. तिकडे आनंदीआनंद. "काय बोलली, काय बोलली?" मी काय सांगणार? म्हटलं, पुष्कळ बोलली. मग आप्पांनी फोन घेतला आणि त्यांना मी सगळं सांगितलं, नवस, फेरी, माघारी फिरले ते. वाटलं, आता म्हणणार, सुरू केलंस ना? ते म्हणाले, "पोरीकडेच फिरलीस ना? मग झालं तर."

"पण आप्पा, तुम्हीच शिकवलंत ना. आणि त्या दिवशी तुम्हीच फिरलात. मला वाटलं त्याचंच हे..."

मग आप्पा म्हणाले, "अगं, गाडीचं निमित्त होतं. त्या वळणावरून गाव दिसेनासं होतं. मनात आलं, उद्यापासून ही पोर अशीच दिसेनाशी होणार. पुढे पायच टाकवेना." आणि लगेच, "ठेव आता, बिल वाढतंय."

मी फोन ठेवून तिथेच बसून रडले. इतके महिने मी ज्याला अपशकुन म्हणून उराशी धरून बसले होते, ती नुसती एका बापाची माया होती.

रेवा त्यानंतर थांबलीच नाही. पण बोलायची ती जपानीत. शाळेत जपानीत, हिरानो-सानशी जपानीत, आणि घरी माझ्याशीसुद्धा. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जपानीत यायचं. मी रागावले, लाडीगोडी लावली, कळत नाही असं सोंग केलं. सोंग कसलं, खरंच कळत नव्हतं. मग मुकाट्याने मीच शिकायला बसले. देवळात गेले एकदा, म्हटलं, पावलास बाबा, तुझे उपकार. चूक माझीच. बोलतं कर म्हटलं, कुठल्या भाषेत ते सांगायचं राहून गेलं. आणि तुला जी येते तीच तू दिलीस.

मिलिंदचं कॉन्ट्रॅक्ट वाढत गेलं, मग टोकियोला बदली झाली, आणि एकेक वर्ष करता करता आम्ही इथलेच झालो. आप्पा गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आम्ही सुखात दिसतो, आणि आहोतही. पण फोन अवेळी वाजला की इथे कसं वाटतं, ते माझ्यासारख्या निघून आलेल्यांनाच विचारा.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं? रेवा जवळच्याच ग्योतोकुला राहते, मी निशी-कसाईला. रविवारी सकाळी स्टेशनासमोरच्या कोंबिनीपाशी, म्हणजे त्या चोवीस तास उघड्या दुकानापाशी, आम्ही भेटतो आणि नदीकाठाने पळायला जातो. इथे डोंगर नाही. सपाट, सरळ बांध आहे, त्याला प्रदक्षिणा घालता येत नाही. गेलं की त्याच वाटेने माघारी यावं लागतं. सुरुवातीला मला ते फार खटकायचं. मी मराठीत बोलत असते, ती जपानीत, आणि मधूनमधून आम्हा दोघींनाही कळत नाही की कोण कुठल्या भाषेत काय म्हणालं.

पूल आला की रेवा त्याच्या खांबाला हात लावते. माझा श्वास लागलेला असतो, तिचा नाही. ती माझ्याकडे बघते आणि विचारते, "मोदोरो का?" परत जाऊया?

"चल," मी म्हणते.

आणि आम्ही फिरतो. जाताना उजव्या हाताला असलेली नदी येताना डाव्या हाताला असते.